चेहरेपट्टीत उरलेले शिपाई
हैदराबादच्या अभिलेखागारातील मोगलकालीन हजेरीपत्रके आणि सामान्य सैनिकाचा माग

हैदराबाद शहराच्या तारनाका भागात तेलंगणा राज्य अभिलेखागाराची इमारत आहे. तेथे मोगल अमदानीतील सुमारे दीड लाख फारसी कागद जतन केलेले आहेत. त्यांतील थोडे शाहजहानच्या कारकिर्दीतील आणि बहुसंख्य औरंगजेबाच्या, म्हणजे १६५८ ते १७०७ या काळातील आहेत. दख्खनच्या सुभ्यांचा दैनंदिन कारभार हा त्यांचा मुख्य विषय. जहागिरींच्या सनदा, पगाराचे हिशेब, किल्ल्यांवरील सामानाच्या याद्या, वाकेनविसांनी पाठविलेली वृत्ते असे नाना प्रकार त्यांत आढळतात. मात्र ज्याला बादशहाचा किंवा सरदाराचा नव्हे, तर साध्या शिपायाचा शोध घ्यावयाचा आहे, त्याच्या दृष्टीने या ढिगातील एकच वर्ग सर्वांत मोलाचा ठरतो. त्याचे नाव ‘अर्ज-ओ-चेहरा’. अर्ज म्हणजे फौजेची हजेरी वा पाहणी, आणि चेहरा म्हणजे माणसाच्या रूपाचे लेखी वर्णन. मराठीत ‘चेहरेपट्टी’ हा शब्द आज नाकीडोळ्यांच्या ठेवणीसाठी वापरला जातो. त्याचा जुना अर्थ नेमका हाच, म्हणजे ओळख पटविण्यासाठी केलेली अंगलक्षणांची नोंद.

हे कागद मुळात हैदराबादचे नव्हेत. दख्खनच्या मोगल सुभेदारीचे ठाणे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात होते आणि कागदही तेथील किल्ले अर्कमध्ये पडून होते. पुढे दख्खनवर आसफजाही घराण्याची सत्ता आली, राजधानी हैदराबादेस गेली, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा संग्रहही तेथील दफ्तर-ए-दिवाणीत हलविण्यात आला. परिणामी मराठवाडा, खानदेश, अहमदनगर या मुलुखांत वावरलेल्या सैनिकांची वर्णने आज तेलंगणाच्या राजधानीत पाहावी लागतात.

संशयातून जन्मलेला कागद

चेहरेपट्टी लिहिण्यामागे शिपायाविषयीची आस्था नव्हती. त्याच्या धन्याविषयीचा अविश्वास होता. मोगल फौज मनसबदारांमार्फत उभी राही. प्रत्येक मनसबदाराला दोन अंक दिलेले असत. ‘जात’ या अंकावरून त्याचा दर्जा व व्यक्तिगत वेतन ठरे, तर ‘स्वार’ या अंकावरून त्याने किती घोडेस्वार बाळगावयाचे ते ठरे. त्या स्वारांचा खर्च त्याला जहागिरीच्या वसुलातून किंवा रोखीने मिळे. साहजिकच पैसा पुऱ्या स्वारांचा घ्यावा आणि स्वार मात्र निम्मेच ठेवावेत, हा मोह फार मोठा होता. अकबराच्या काळातील इतिहासकार बदायुनी याने याविषयी कडवट तक्रार केली आहे. सरदार आपल्या घरच्या नोकरांना शिपायांचा वेष चढवून पाहणीला उभे करतात, आणि काम झाले की ते पुन्हा आपापल्या धंद्याला लागतात, असा तिचा आशय.

यावर उपाय दोन. घोड्याच्या अंगावर तापल्या लोखंडाचा दाग द्यावयाचा, म्हणजे तेच जनावर दुसऱ्या सरदाराच्या हजेरीत उभे करता येणार नाही. आणि माणसाचा चेहरा लिहून ठेवावयाचा, म्हणजे पुढील हजेरीला वेगळाच इसम आला तर तो पकडला जाईल. ही कल्पना अल्लाउद्दीन खिलजीच्या काळापासूनची असली, तरी तिला भरभक्कम कचेरीचे रूप अकबराने १५७०च्या दशकात दिले. ‘दाग व तसहीहा’ म्हणजे डागणे व पडताळणे, हे त्या खात्याचे नाव.

शाहजहानच्या काळापर्यंत सरकारनेच वस्तुस्थितीशी तडजोड केली होती. मनसबदाराची जहागीर ज्या सुभ्यात, त्याच सुभ्यात त्याची नेमणूक असेल तर त्याने स्वार-अंकाच्या एक तृतीयांश, अन्य सुभ्यात असेल तर एक चतुर्थांश, आणि बल्ख-बदख्शानसारख्या दूरच्या मोहिमेवर असेल तर केवळ एक पंचमांश स्वार हजर करावेत, असा नियम झाला. म्हणजे बाराशे स्वारांचा मनसबदार प्रत्यक्षात चारशे, तीनशे किंवा दोनशे चाळीस माणसे घेऊन उभा राही. बखरींत व तवारिखांत येणारे फौजांचे मोठमोठे आकडे वाचताना हा नियम ध्यानात ठेवलेला बरा. हजेरीपत्रकावर जे नाव आहे ते निदान हाडामांसाच्या माणसाचे आहे. मनसबीच्या आकड्याविषयी तसे म्हणता येत नाही.

एका नोंदीत काय असते

नोंदीचा साचा ठरलेला असे. प्रथम शिपायाचे नाव, मग ‘वलद’ हा शब्द घालून बापाचे नाव आणि कधी आजाचेही. त्यानंतर त्याची ‘कौम’, म्हणजे जात, जमात किंवा समूह, आणि वतन अथवा राहण्याचे ठिकाण. पुढे रूपाचे वर्णन येते: रंग, कपाळ, भुवया, डोळे, नाक, दाढी-मिशा, आणि शेवटी देवीचे वण, तीळ, जखमांच्या खुणा. याच्या जोडीला घोड्याचे वर्णन असते. घोड्याचा रंग, अंगावरील पांढरे पट्टे वा ठिपके आणि दागाची जागा बारकाईने लिहिलेली असते; क्वचित घोड्याला माणसापेक्षा अधिक शब्द मिळालेले दिसतात. कुमाईत, समंद, अबलख ही घोड्यांच्या रंगांची नावे मराठीने फारसीतूनच उचलली असल्याने हा भाग मराठी वाचकाला परका वाटत नाही.

रूपाच्या वर्णनातील शब्दही साच्यातलेच. ‘गंदुम-रंग’ म्हणजे गव्हाळ वर्ण, ‘फराख-पेशानी’ म्हणजे रुंद कपाळ, ‘कुशादा-अब्रू’ म्हणजे एकमेकींना न भिडलेल्या भुवया, ‘मेश-चश्म’ म्हणजे मेंढीसारखे डोळे, ‘बुलंद-बीनी’ म्हणजे उंच नाक. मोगल सैन्यव्यवस्थेवर १९०३ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिणाऱ्या विल्यम अर्विनच्या एक मौजेची गोष्ट ध्यानात आली होती. या वर्णनांत कपाळ नेहमी रुंदच असते. अरुंद कपाळाचा मनुष्य मोगल फौजेत नव्हताच असे नव्हे. लेखनिकाचा हात सवयीने चालत होता, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून चेहरेपट्टी वाचताना सर्वांच्या वाट्याला येणारे शब्द बाजूला सारावे लागतात. खरा माणूस उरतो तो व्रणांत. अर्विनने दिलेल्या नमुन्यातील शिपायाचा एक कान तलवारीच्या वाराने गेलेला आहे. कपाळ, भुवया आणि नाक यांनी जे साधत नाही, ते त्या गेलेल्या कानाने साधते: हा मनुष्य कोठेतरी लढला होता, वाचला होता आणि पुन्हा चाकरीला उभा राहिला होता.

यादवीतील सैनिक

या कागदांचे महत्त्व सर्वाधिक जाणवते ते १६५७–५९च्या यादवीचा विचार करताना. सप्टेंबर १६५७ मध्ये शाहजहान आजारी पडला आणि त्याच्या चार मुलांत राज्यासाठी युद्ध पेटले. औरंगजेब तेव्हा दख्खनचा सुभेदार होता. नुकतेच बीदर व कल्याणी हे किल्ले घेतलेली फौज त्याच्या हाताशी होती. मीर जुमल्याला दौलताबादेत नावापुरते कैदेत ठेवून त्याचा तोफखाना त्याने ताब्यात घेतला आणि फेब्रुवारी १६५८ मध्ये औरंगाबाद सोडले. एप्रिलमध्ये उज्जैनजवळ धर्मत येथे आणि त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी आग्र्याजवळ सामूगढ येथे लढाया झाल्या. दारा शिकोह पराभूत झाला व पुढल्या वर्षी मारला गेला.

या युद्धात कोण कोणाच्या बाजूने होते, याचा हिशेब इतिहासकार एम. अतहर अली यांनी मांडला आहे. एक हजार जात व त्यावरील मनसबदारांपैकी सामूगढपर्यंत औरंगजेबाला मिळालेले १२४ जण त्यांनी शोधले. त्यांत २७ इराणी, २० तुराणी, २३ अफगाण, ९ राजपूत आणि १० मराठे होते. दाराच्या पक्षातील ८७ जणांत राजपूत २२ आणि मराठे केवळ २. धर्माच्या आधारावर दोन सरळ तट पडले होते, या समजुतीला या आकड्यांनी मोठाच धक्का दिला. तथापि हा हिशेब सरदारांचा आहे. त्या दहा मराठा मनसबदारांच्या मागे घोड्यावर बसून नर्मदा ओलांडणारे स्वार कोण होते, कोणत्या गावचे होते, याचे उत्तर दरबारी तवारिखांत मिळणार नाही. तवारीख सरदाराच्या नावाशी थांबते. तिच्या खाली उतरण्याची पायरी म्हणजे त्या सरदाराच्या तुकडीची चेहरेपट्टी.

हैदराबादच्या संग्रहाचे वैशिष्ट्य असे, की तो १६५८ या वर्षाच्या अलीकडे व पलीकडे दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. त्यामुळे एखाद्या मनसबदाराच्या तुकडीची यादवीपूर्वीची व नंतरची पत्रके हाती लागली, तर बाप-आजाची नावे, वतन आणि व्रण जुळवून कोण टिकला व कोण नाहीसा झाला याचा अंदाज बांधता येतो. नाहीसा झालेला प्रत्येकजण मेला असे मात्र धरता येत नाही. ‘फौत’ म्हणजे मृत आणि ‘फरारी’ म्हणजे पळून गेलेला, असे दोन निराळे शब्द मोगल कचेरी वापरीत असे; आणि पगार थकला की फरारींची संख्या वाढे. याचे ठळक उदाहरण खुद्द हैदराबादेतच घडले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतरच्या दुसऱ्या यादवीत त्याचा धाकटा मुलगा कामबक्ष याने दख्खनमध्ये स्वतःला बादशहा म्हणविले. जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादजवळ थोरला भाऊ बहादूरशहा त्याच्यावर चालून आला, तेव्हा कामबक्षाच्या फौजेतील बहुतेक माणसे आधीच त्याला सोडून गेली होती. तो जखमी होऊन पकडला गेला आणि मरण पावला.

हाच बहादूरशहा गोमंतकीयांना दुसऱ्या नावाने ठाऊक असावयास हवा. शहाजादा मुअज्जम ऊर्फ शाहआलम म्हणून तो जानेवारी १६८४ मध्ये रामघाट उतरून डिचोलीपर्यंत आला होता. संभाजी महाराजांच्या डिचोलीतील वास्तूंची त्याच्या फौजेने नासधूस केली. पण पुढे अन्नधान्याची टंचाई आणि रोगराई यांनी त्या फौजेलाच ग्रासले आणि परतीच्या वाटेवर माणसे व जनावरे मोठ्या संख्येने पडली. त्या मोहिमेविषयी मराठी, फारसी व पोर्तुगीज साधनांत पुष्कळ लिहिलेले आहे. घाटात मेलेल्या शिपायाचे नाव त्यांत नाही. ते असलेच तर कोणत्या तरी मनसबदाराच्या हजेरीपत्रकात असणार.

‘कौम’ या रकान्यापाशी सावधगिरी

आपल्या पूर्वजांचा शोध घेणारे लोक बहुधा ‘कौम’ हाच रकाना आधी पाहतील, आणि तेथेच सर्वाधिक सावध राहावे लागते. इतिहासकार सुबह दयाल यांनी दख्खनमधील या हजेरीपत्रकांवर २०१९ मध्ये विस्तृत लेख लिहिला आणि पुढे आपल्या ग्रंथातही त्यांचा उपयोग केला. अफगाण, राजपूत, मराठा, दखनी यांसारखी लेबले ही शिपायाने जन्मतः आणलेली, कायमची ठरलेली ओळख नव्हती. भरती, हजेरी आणि कागद यांच्या व्यवहारात ती घडत होती, हे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकाने ‘मराठा’ लिहिले, म्हणून आजच्या अर्थाने ती जात सिद्ध होत नाही. तो शब्द कधी भाषेचा व प्रदेशाचा वाचक असे, कधी घोड्यावरील लढवय्याचा. वंशावळीसाठी अथवा एखाद्या दाव्यासाठी हा रकाना पुरावा म्हणून पुढे करणे इतिहासाला धरून होणार नाही.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. चेहरेपट्टी प्रामुख्याने स्वाराची असते. पायदळातील माणसे तिच्यात कमी येतात, आणि तळावरचे पखालजी, बिगारी, मोतद्दार, दाणावैरण वाहणारे बंजारी यांना तर तिच्यात स्थान जवळजवळ नाहीच. ज्याच्या घोड्यावर सरकारचा पैसा खर्च होत नव्हता, त्याचा चेहरा लिहिण्याचे सरकारला कारण नव्हते.

माग कसा काढावा

केवळ नाव घेऊन या संग्रहात शिरण्यात अर्थ नाही. कागद शिपायाच्या नावाने लावलेले नाहीत. औरंगजेबाच्या काळातील कागदांच्या ज्या सूच्या छापून निघाल्या आहेत त्यांची मांडणी कालक्रमाने आहे. त्यामुळे आधी काळ, मग ठिकाण, मग मनसबदार, आणि सर्वांत शेवटी शिपाई, अशा क्रमाने उतरावे लागते. घराण्यात एखादी सनद, वतनाचा कागद किंवा ‘अमुक जाधवांच्या पागेत होते’ एवढी आठवण जरी असली, तरी ती नावापेक्षा उपयोगी पडते, कारण तिच्यावरून सरदार ठरतो. कागदावरील साल बहुधा हिजरी असते किंवा जुलूस, म्हणजे राज्यारोहणापासून मोजलेले. औरंगजेबाचे राज्यारोहण १६५८ व १६५९ असे दोनदा साजरे झाले असल्याने पहिल्या वर्षांची गणना करताना घोटाळा होऊ शकतो.

हाच शोध अमेरिकेतील यादवीच्या, म्हणजे १८६१–६५च्या युद्धातील सैनिकाबाबत फार सोपा आहे. तेथेही पलटणींच्या वह्यांत उंची, वर्ण, डोळे, केस, जन्मगाव व धंदा अशी चेहरेपट्टीच लिहिलेली असे. परंतु युद्धानंतर लक्षावधी सैनिकांनी व विधवांनी पेन्शन मागितली. ते दावे पडताळण्यासाठी १८९०च्या दशकापासून सरकारने प्रत्येक सैनिकाच्या नावे विखुरलेल्या नोंदींची कार्डे तयार केली, आणि आज त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागारात नाव सांगताच माणूस सापडतो. मोगल स्वाराला पेन्शन नव्हती. त्याचा संबंध बादशहाशी नसून मनसबदाराशी होता, आणि तो संबंध संपला की सरकारलेखी तो मनुष्यही संपला. नावनिशीवार सूची कोणी केली नाही, याचे मूळ येथे आहे.

गोव्यातील वाचकाला याचा एक जवळचा समांतर दाखला पणजीच्या पुराभिलेखात दिसेल. पोर्तुगीज राजवटीत पगारी शिपायांची नोंद ‘मात्रीकुला’ या कचेरीत होई. १५९५ मध्ये गोव्याच्या दफ्तराचा पहिला रखवालदार म्हणून नेमला गेलेला दियोगो द कोतो हा स्वतः पूर्वाश्रमीचा शिपाई होता, आणि सैन्यातील अनागोंदी व लबाडी यांवर त्याने एक संवादरूपी ग्रंथच लिहिला. बदायुनी आणि कोतो जवळजवळ एकाच पिढीतले. मोगल आणि पोर्तुगीज या दोन्ही सत्तांना खोट्या हजेरीच्या एकाच दुखण्याने ग्रासले होते, हे त्या दोघांना शेजारी ठेवले की कळते.

निजामाचे शिपाई

आसफजाही काळातील सैनिकांचा माग निराळ्या वाटेने जातो. निजामाच्या नावाने उभी असलेली पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील ‘हैदराबाद कंटिंजेंट’ ही फौज १८५८ मध्ये ह्यू रोझच्या मध्य भारतातील मोहिमेत लढली. तिच्या खर्चासाठी १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे गेले होते. १९०३ मध्ये ती ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली, १९२२ मध्ये तिच्या पायदळ पलटणींची एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट बनली आणि १९४५ मध्ये त्याच रेजिमेंटचे नाव कुमाऊँ असे झाले. त्यामुळे कंटिंजेंटच्या पायदळाची परंपरा आज हैदराबादेत नसून उत्तराखंडातील रानीखेत येथील केंद्रात आहे, आणि ब्रिटिश अमलातील लष्करी कागद दिल्ली व लंडन येथे विभागलेले आहेत. पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनमध्ये गेलेल्या हैदराबाद लान्सर्ससाठी राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाची नावनिशीवार यादी हे पहिले साधन होय. मात्र तीत केवळ मृतांचीच नावे मिळतात.

वाचणारे किती

मोगल कागदांची खरी अडचण त्यांच्या लिपीत आहे. ते ‘शिकस्ता’ या मोडक्या, धावत्या वळणाच्या फारसीत लिहिलेले असून ती वाचणारे लोक दिवसेंदिवस कमी होत आहेत. मराठीत फारसी साधने आणण्याचे काम पुण्यात ग. ह. खरे यांनी आणि हैदराबाद संस्थानच्या नोकरीत उमेदीची वर्षे घालविलेल्या सेतुमाधवराव पगडी यांनी केले. पगडींच्या ‘मोगल दरबारची बातमीपत्रे’ या ग्रंथाने कित्येक मराठी वाचकांना औरंगजेबाची छावणी प्रथम आतून दाखविली. बातमीपत्रांत घटना असते, म्हणून त्यांना वाचक मिळतो. हजेरीपत्रके त्या मानाने रुक्ष, आणि म्हणून मागे राहिलेली. अलीकडे हैदराबादच्या अभिलेखागाराने इराणच्या नूर मायक्रोफिल्म संस्थेच्या सहकार्याने फारसी कागदांची दुरुस्ती व संगणकीय प्रती करण्याचे काम हाती घेतले आहे. त्यामुळे कागद टिकेल. नाव वाचण्याचा प्रश्न शिल्लक राहील.

त्या प्रश्नाचे स्वरूप एका उदाहरणाने कळेल. फारसीत ‘ब’, ‘न’ आणि ‘त’ ही अक्षरे शब्दाच्या आरंभी एकाच आकाराची असतात आणि त्यांच्यातील भेद केवळ नुक्त्यांनी, म्हणजे टिंबांनी होतो. शिकस्ता लिहिणारा लेखनिक घाईत टिंबे गाळतो. शिवाय फारसीत ‘ळ’ आणि ‘ण’ नाहीत, त्यामुळे गावाचे नावही अर्धेच उतरते. अशा कागदावर बाबाजी, नानाजी आणि ताताजी ही तीन नावे हुबेहूब सारखी दिसतात. त्यांतील कोणता शिपाई समोर आहे हे ठरविण्यासाठी मग बापाचे नाव, वतन, घोड्याचा रंग आणि डाव्या गालावरचा तीळ एवढ्यावरच विसंबावे लागते.